मेथीच्या वाफ्याचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरामागच्या वाफ्यांना पाणी देणं. त्यात विशेष काही नव्हतं. जून महिना होता, रोजच द्यायचो. मी वर घराच्या भिंतीशी, नळावर. बायको खाली कुंपणाजवळ, हातात खुरपं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि पायात सुनेचे जुने बूट. मी नळ सोडला की पाणी पाटानं उतरत खाली जायचं. एक वाफा भरला की ती त्याचं तोंड मातीनं बुजवायची आणि पुढच्याचं उघडायची. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. शेवटचा वाफा भरला की तिथूनच ओरडायची, "बस." मग मी नळ बंद करायचा. दोन माणसांचं काम आहे ते. एकट्यानं होत नाही.

त्या दिवशी वांगी, भेंडी, गवार, मिरच्या एवढं झालं. राहिली मेथी. मेथी तिनं दोन दिवसांपूर्वीच पेरली होती, अजून वर काही दिसत नव्हतं, नुसती काळी माती. तेवढ्यात नात मागच्या दारात आली. ती तेव्हा सहावीत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवून भाषण करायचं होतं.

"आजी, कम ना. मला प्रॅक्टिस करायचीय."

ही खालून म्हणाली, "अहो, बंद करा. पोरगी बोलावतेय."

"मेथी राहिली की."

"राहू द्या. पाळी जिथं तुटली तिथनं उद्या सुरू करायची. सकाळी पहिलं पाणी मेथीला."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"तोंडाकडच्या लोकांचं सगळं पाच मिनिटांतच होतं," ती म्हणाली आणि खुरपं मातीत खुपसून वर आली.

मी नळ बंद केला.

तोंडाकडचे लोक म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव खानदेशात, पांझरेच्या काठी. नदीला दगडी बंधारा आणि त्यातून काढलेला पाट. तो कुणी बांधला ते आमच्या आज्यालाही माहीत नव्हतं. पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, त्यांना फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कोणत्या फडात काय ते पंचांनी ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना सुगीत सगळ्यांनी धान्य द्यायचं. स्वतःच्या शेताला स्वतः पाणी घ्यायचं नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढं. पाळी अर्ध्यात तुटली तर पुढच्या खेपेला तिथूनच सुरू. आणि घरात मयत झालं तरी त्या घराची पाळी चुकवायची नाही. माझा बाप गेला त्या दिवशी आमच्या उसाला पाणी होतं. लोक तिरडी बांधत होते आणि पाटकरी आमच्या शेतात उभा होता. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही.

आमचं शेत पाटाच्या तोंडाशी, हिच्या बापाचं पार शेपटाला. शेपटाला पाणी पोचेपर्यंत कुठे पाट फुटलेला, कुठे कुणाची म्हैस आत बसलेली. पाणी आलं नाही की हिचा बाप पाटाच्या कडेनं चालत वर यायचा, कुठं अडलंय ते बघत बघत. सरतेशेवटी आमच्या ओट्यावर. माझा बाप पंचांत होता. भांडणं व्हायची. पण इतक्या लांबून उन्हात चालत आलेला माणूस म्हणून माझी आई त्याला भाकरी दिल्याशिवाय सोडायची नाही. अशा भाकऱ्या खाता खाताच सोयरीक ठरली. ही जन्मभर म्हणायची, "पाणी द्यायला नको म्हणून सासऱ्यानं पोरगीच आणून ठेवली."

माझं शिक्षण चौथी, तिचं दुसरी. दोन हजार एक साली आम्ही इकडे परदेशात, वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायला आलो. तो इथं रिसर्चमध्ये आहे, सूनही नोकरी करते. घरामागे मोठी हिरवळ. ती कुणी खात नाही, तिच्यावर कुणी चरत नाही, आणि दर शनिवारी कापायची. हिनं पहिला उन्हाळा कसाबसा काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगा ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघांनी ती खणून काढली. मुलगा संध्याकाळी आला, गाडीची किल्ली हातात, आणि तसाच बघत उभा राहिला.

"आई, टाऊनशिपची माणसं येतील दंड करायला."

"येऊ दे. वांगी देऊ."

मग त्यानं गोल फिरणारं, पाणी उडवणारं ते यंत्र आणलं. हिनं ते थोडा वेळ चालू ठेवून पाहिलं. म्हणाली, "हे पाणी देणं नव्हे. लग्नात गुलाबपाणी उडवतात तसं चाललंय." ते अजून गॅरेजमध्ये आहे. शेजारचा म्हातारा गोरा कुंपणावरून आमचा पाट बघायचा. त्याला वाटलं आमच्या तळघरात पाणी शिरलंय आणि आम्ही ते बाहेर काढतोय. एकदा तो बिचारा पंप घेऊन आला. हिनं त्याला गवारीच्या शेंगा दिल्या. दोघंही खूश होऊन परत गेली, कुणाला कुणाचं काही कळलं नाही.

नातीला शाळेत तो धडा त्या वसंतात लागला. जगात पहिली गावं, पहिली शहरं कुठं झाली. पुस्तकात चार ठिकाणच्या नद्यांचे नकाशे होते. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती अभ्यास करायची, ही भाजी निवडायची, मी बसून असायचो. नात इंग्रजीत वाचायची आणि आजीला तिच्या मोडक्या मराठीत सांगायची. हिला आधी वाटलं पोरीला मदत करावी. मग हिलाच नाद लागला. जेवण झालं की विचारायची, "आज कुठली नदी?"

नाईल नदी दर वर्षी ठरल्या वेळी फुगायची. लोकांनी काठाला बांध घालून मोठमोठी तळी केली होती, पूर आला की पाणी आत घ्यायचं, गाळ बसला की सोडून द्यायचं आणि त्या चिखलात पेरायचं. ही म्हणाली, "शहाणी नदी." दुसऱ्या त्या इराकातल्या दोन. त्यांना पूर यायचा पीक कापणीला आल्यावर. नको तेव्हा पाणी आणि हवं तेव्हा नाही. म्हणून तिथल्या लोकांनी बांध घातले, पाट खणले आणि दर वर्षी त्यातला गाळ उपसत बसले. "हां," ही म्हणाली, "या खऱ्या नद्या. माणसाला झोपू देत नाहीत." चीनमधली पिवळी नदी तर इतका गाळ आणायची की तिचं पात्रच वर वर चढायचं, आणि लोकांना बांध आणखी उंच करावे लागायचे.

मग पुस्तकात होतं की धान्य खाऊन उरायला लागलं, म्हणून सगळ्यांनाच शेती करायची गरज उरली नाही. कुणी कुंभार झालं, कुणी विणकर, कुणी देवळातला पुजारी. देवळाची कोठारं झाली. कुणी किती पोती आणली, कुणाला किती दिली, हे ध्यानात राहीना, म्हणून ओल्या मातीच्या पाटीवर काडीनं खुणा करायला लागले. तेच पहिलं लिहिणं. मग राजा, शिपाई, गावाला भिंत.

मी म्हणालो, "बरोबर आहे. आधी राजा झाला असेल. पाटाच्या तोंडाशी जो बळकट माणूस बसला तो राजा. पाणी त्याच्या हातात, म्हणजे सगळं त्याच्या हातात."

"तुम्ही असंच म्हणणार," ही म्हणाली.

आपल्या सिंधूचा धडा आला तेव्हा तर आमचं भांडणच झालं. नातीनं चित्रं दाखवली. सरळ रस्ते, घरोघरी विहिरी, गल्लीतून झाकलेली गटारं. विटा सगळ्या एका मापाच्या, लांबलांबच्या गावांतसुद्धा. लिपी आहे पण अजून कुणाला वाचता येत नाही. आणि राजाचा मोठा वाडा म्हणावा असा कुठे सापडलेला नाही. तिथं कारभार कोण बघायचं ते नक्की माहीत नाही, असं पुस्तकातच लिहिलं होतं.

हिनं गटाराच्या चित्रावर बोट ठेवलं. "याचं झाकण काढून साफ कोण करायचं?"

"इट डझन्ट से, आजी."

मी म्हणालो, "राजानं माणसं ठेवली असतील."

"राजा कुठाय? सापडला नाही म्हणतेय ना पोरगी."

"सापडेल. राजाशिवाय कोण कुणाचं ऐकतं?"

"तुम्ही पाटावर कुठल्या राजाचं ऐकत होता?"

"पंचांचं."

"मग?"

"पंचांत माझा बापच होता, ऐकणार नाही तर काय."

नात फक्त हसत होती. अर्धं तिला कळत नव्हतं, पण आम्ही भांडतोय याची तिला मजा वाटायची. ती म्हणाली, "आजी, देन हू स्टार्टेड इट? पहिलं गाव कोणी केलं?"

ही थोडा वेळ मेथीची पानं खुडत राहिली. मग जे बोलली ते मी जमेल तसं लिहितो. ती म्हणाली, "शेपटाकडच्या माणसांनी. तोंडाकडच्याला कशाला हवंय गाव? त्याला पाणी मिळतंय, तो घरात झोपेल. ज्याला पाणी पोचलं नाही तो उठतो. तो पाट धरून वर चालत जातो, विचारत, की बाबा, कुठं अडलं. आज एक गेला, उद्या दुसरा गेला. चालून चालून वाट पडते. वाटेवर कुणी बसायला सावली करतं, कुणी प्यायला पाणी ठेवतं, कुणी भाकरी देतं. भांडायला तरी माणसं एका जागी यावी लागतात. मग ठरतं की आज तुझं, उद्या त्याचं. झालं गाव."

नात म्हणाली, "टीचर सोर्स मागते. कुठून घेतलं ते लिहावं लागतं."

"लिही, माझ्या बापाकडून."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. अजून नक्की पटलंय असंही नाही. पुस्तकवाल्यांना काय ते माहीत असेल, त्यांनी जमिनी खणून बघितल्यात. पण त्या टेबलावर आम्ही तिघं जितकं बोललो तितकं मी तिच्याशी चाळीस वर्षांत बोललो नव्हतो. गावाकडे कुठे वेळ होता. सकाळी मी शेतात, ती चुलीशी. बोलणं म्हणजे मीठ संपलं, बैल आजारी आहे, एवढंच. या परक्या देशात, दुसऱ्यांच्या नद्यांवरून भांडताना मला कळलं की ही बाई किती विचार करते. उशिरा कळलं. मला आणखी दहा वर्षं हवी होती. कुणाकडे मागायची ते ठाऊक नाही.

तर त्या संध्याकाळी हिनं हातपाय धुतले आणि आम्ही जेवायच्या आधी नातीचं भाषण ऐकायला बसलो. नात फ्रिजला पाठ लावून उभी. हातात मोठा पुठ्ठा, त्यावर सगळ्या निळ्या नद्या. इंग्रजीत भराभरा बोलली. आम्हाला नद्यांची नावं तेवढी कळली. शेवटी एक वाक्य ती हळू बोलली आणि आजीकडे बघून थांबली. मुलगा दारात उभा होता, त्यानं सांगितलं, "आई, ती म्हणतेय, माझ्या आजीला वाटतं की पहिलं गाव कालव्याच्या शेवटी राहणाऱ्या लोकांमुळे झालं, कारण ते विचारायला चालत गेले."

ही लाजली. आयुष्यात तिचं नाव घेऊन कुणी चारचौघांत काही सांगितलं नव्हतं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या मोठ्यानं बोल. शेवटच्या बाकावरच्याला ऐकू गेलं पाहिजे."

"ओके, आजी."

"आणि आजोबा राजा राजा करत होते तेही सांग."

जेवणं झाली. आमटी-भात होता. ती कमी जेवली. खोलीत आल्यावर म्हणाली, "पाठ आखडलीय, जरा चोळून द्या." मी बाम लावला. वाकून वाकून धरली असेल असं ती म्हणाली, मीही तेच म्हणालो. थोड्या वेळानं तिला घाम फुटला आणि हात गार पडले. मी मुलाला हाक मारली. त्यानं फोन केला, ॲम्ब्युलन्स लगेच आली. त्या लोकांनी काही कमी केलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर माझ्या मुलाशी इंग्रजीत बोलला, आणि मी मुलाच्या तोंडाकडे बघत होतो. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

ते सगळं मी इथं लिहीत नाही. लिहून काय करायचं आहे?

उजाडताना घरी आलो तर ती बरोबर नव्हती. गावाकडे माणूस गेलं की त्याला घरी आणतात, मध्ये ठेवतात, भोवती बसून रडतात. इथं तिला त्यांनी तिकडेच ठेवून घेतलं. मुलगा म्हणाला, "आबा, कागदपत्रं व्हायला वेळ लागतो, शनिवारी करू. सगळ्यांना येता येईल." इथं मरणसुद्धा शनिवारी धरतात. त्याचा दोष नाही, त्याचे डोळे सुजले होते. पण घरात रडायचं कुठे बघून? तिची उशी होती, तिच्यावर बामाचा वास होता. मी तिथे बसू शकलो नाही.

लोक लवकरच यायला लागले. इथली मराठी माणसं चांगली आहेत, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. बायका चांदीच्या कागदाखाली झाकून भात, पिठलं घेऊन आल्या. बूट दारात काढून गालिच्यावर बसल्या. नात रडून रडून झोपली होती, तिला कुणी उठवलं नाही. तिचा पुठ्ठा भिंतीला टेकून होता. एक काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, सवाष्ण गेल्या हो. भाग्यवान."

मी म्हणालो, "आणि मी?"

त्या पदर सावरत बायकांत जाऊन बसल्या.  सवाष्ण गेली म्हणजे मी मागं राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. ते भाग्य मी मागितलेलं नाही. माझ्यासमोर हे म्हणू नये असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, वाईट वाटलं तरी चालेल.

खिडकीतून मागचं दिसत होतं. ऊन कुंपणावरून आत आलं होतं. वांग्याच्या वाफ्यात माती अजून काळी, ओली. शेवटचा वाफा तेवढा पांढरट पडला होता. बी आत जेमतेम फुगलेलं असणार. आज पाणी नाही मिळालं तर ते तिथंच सुकणार. ते बी तिनं आयसेलिनच्या, आपल्या लोकांच्या दुकानातून आणलं होतं, रात्रभर भिजवून, हातानं पेरलं होतं.

मी उठलो. मुलगा मागून आला.

"आबा, कुठे चाललात?"

"मेथीला पाणी द्यायचंय."

"आज राहू द्या ना. लोक आलेत. संध्याकाळी मी ते स्प्रिंकलर लावतो."

"ते नको. तिची पाळी आहे."

तो मागं फिरला. आत लोकांकडे गेला.

मी नळ सोडला, बारीक. मग पाण्याच्या आधी खाली चालत गेलो, शेवटपर्यंत. पाणी देताना त्या बाजूला मी कधी उभा राहिलोच नव्हतो. खुरपं तिनं खुपसलं होतं तिथंच होतं. चारी वाफ्यांची दारं तिनं बुजवलेली. मिरचीच्या वाफ्याच्या दारावर माती थापताना उमटलेला तिचा पंजा होता, बोटं वेगवेगळी दिसत होती. मी त्याला हात लावला नाही. खाली बसलो आणि मेथीच्या वाफ्याचं तोंड उघडलं.

खालून घर लांब दिसत होतं. पाणी यायला बराच वेळ लागला. पाटात कुठे पान आडवं आलं, कुठे खळग्यात थांबलं, मग हळूहळू आलं. आधी पुढं फेस, कचरा, मग स्वच्छ पाणी. वाफ्यात शिरलं, माती काळी होत गेली. एका कोपऱ्यात जात नव्हतं, तिथं मी बोटानं वाट करून दिली. तोही कोपरा भिजला. वाफा काठापर्यंत भरला.

मी म्हणालो, "बस."

पाणी येतच होतं. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. मग वर पाहिलं. नळाशी कुणी नव्हतं.

वाफ्याचा काठ फुटायला आला होता. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो, पाट धरून वर चालत गेलो, आणि नळ बंद केला.